माध्यमांतील पदव्युत्तर पदवी : कोणती, कोठे आणि कशासाठी?

पदवी परीक्षांचे निकाल लागले, की विद्यापीठांच्या वृत्तपत्रविद्या विभागांत चौकशीसाठी येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. त्यांत मराठी, राज्यशास्त्र किंवा इतिहास घेऊन बी. ए. झालेले विद्यार्थी असतात, तसेच वाणिज्य, कृषी आणि अभियांत्रिकी या शाखांतून आलेलेही असतात. विषय वेगवेगळे असले, तरी प्रश्न बहुधा एकच असतो : हा अभ्यासक्रम केल्यावर नोकरी मिळेल का?

प्रश्न रास्त आहे. उमेदीची दोन वर्षे, शहरात राहण्याचा खर्च आणि घरच्यांच्या अपेक्षा अशा तीन गोष्टी येथे पणाला लागलेल्या असतात. त्याचे प्रामाणिक उत्तर मात्र काहीसे अडचणीचे आहे. वकिलीला सनद लागते, वैद्यकीय व्यवसायाला नोंदणी लागते. पत्रकार होण्यासाठी विशिष्ट पदवी हवीच, अशी सक्ती आपल्याकडे कोणत्याही कायद्याने केलेली नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांपासून पुढे कित्येक दशके मराठी वृत्तपत्रे चालवली ती विद्वानांनी, शिक्षकांनी, वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी. आजही चांगली लेखणी आणि बातमीची नजर असलेल्या तरुणाला जिल्हा आवृत्तीत पदव्युत्तर पदवीविना काम मिळू शकते.

मग दोन वर्षे खर्च कशासाठी करायची? याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे : कामाच्या धबडग्यात जे शिकवायला वृत्तपत्र कार्यालयात कोणालाही सवड नसते, ते शिकण्यासाठी. बातमीचा पहिला परिच्छेद कसा लिहावा, हे जाणता उपसंपादक पंधरा दिवसांत शिकवू शकतो. माध्यमविषयक कायदे, आकडेवारीचे वाचन, माहितीची पडताळणी आणि एखाद्या प्रश्नाचा सहा-आठ महिने चिकाटीने घेतलेला शोध यांसाठी निवांतपणा, ग्रंथालय आणि मार्गदर्शक लागतो. जो विभाग हे देतो, त्याची पदवी उपयोगाची. जो केवळ बातमी लिहिण्याची कवायत करून घेतो, तो तुम्हाला नोकरीत फुकट मिळणारी गोष्ट शुल्क घेऊन देत असतो. अभ्यासक्रम निवडताना हीच कसोटी लावावी, असे सुचवण्यासाठी हा लेखप्रपंच.

एका नावाखाली दोन परंपरा

‘संज्ञापन व वृत्तपत्रविद्या’ हे शब्द आपण एका दमात उच्चारतो. पण त्यामागे दोन वेगळ्या परंपरा आहेत, आणि अर्ज भरताना विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

पहिली परंपरा व्यवसाय शिक्षणाची. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात १९०८ मध्ये पत्रकारितेचे विद्यालय सुरू झाले. जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून १९१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दुसरे उभे राहिले. भारतात १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात असा विभाग सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर मद्रास, कलकत्ता, म्हैसूर येथे हे शिक्षण पोहोचले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातही त्याची मुहूर्तमेढ रोवली गेली. पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ चा. ‘रानडे इन्स्टिट्यूट’ या नावानेच तो महाराष्ट्राला परिचित आहे. बातमीदारी, संपादन, मुद्रितशोधन, अग्रलेख, मुलाखत ही या परंपरेची कौशल्ये होत.

दुसरी परंपरा संशोधनाची आहे आणि ती समाजशास्त्राच्या अंगणात वाढली. माध्यमे लोकांवर नेमका काय परिणाम करतात, हा तिचा मूळ प्रश्न. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात मतदारांच्या पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचाराचा परिणाम थेट होण्याऐवजी पुष्कळदा परिसरातील जाणत्या माणसांच्या मध्यस्थीने होतो, असे त्यांना आढळले. १९६८ मध्ये मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपल हिल या गावी मत निश्चित न केलेल्या शंभर मतदारांचा अभ्यास केला. माध्यमे ज्या विषयांना ठळक स्थान देतात, तेच विषय वाचकांनाही महत्त्वाचे वाटू लागतात, हा त्यांचा निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत समाविष्ट झाला.

या दोन्ही परंपरा पुण्यात आज शेजारी शेजारी पाहायला मिळतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा एक विभाग फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचे शिक्षण देतो, तर गणेशखिंडीतील मुख्य आवारातला माध्यम व संज्ञापन अभ्यास विभाग संशोधन आणि दृक्‌श्राव्य निर्मितीवर भर देत एम. एस्सी. पदवीकडे नेतो. २०२१ मध्ये हे दोन विभाग एकत्र करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा रानडे इन्स्टिट्यूटच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी जोरदार विरोध केला आणि तो थांबवण्यात आला. या वादात वास्तूविषयीच्या जिव्हाळ्याचा भाग होताच. पण दोन ठिकाणचे शिक्षण सारखे नाही, ही जाणीवही त्यामागे होती. अर्जदारानेही ती ठेवली पाहिजे.

महाराष्ट्रातील एक विसरलेला प्रयोग

संज्ञापनाचा अभ्यास म्हणजे पाश्चात्त्य सिद्धान्तांची घोकंपट्टी, असा अनेकांचा समज असतो. तो दूर करणारे एक उत्तम उदाहरण आपल्याच मातीत घडले आहे.

१९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ‘शेतकरी श्रोता मंडळां’चा प्रयोग हाती घेतला. तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांची त्यासाठी निवड झाली. गावातील काही ग्रामस्थांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून रेडिओवरील शेतीविषयक कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका आणि निर्णय केंद्राकडे कळवायचे, अशी त्याची रचना होती. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याची धुरा समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांच्याकडे होती. त्यांनी तीन प्रकारच्या गावांची तुलना केली : श्रोता मंडळ असलेली, केवळ रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर ग्रामस्थांना तेच प्रश्न विचारण्यात आले. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडल्याचे दिसले; इतर गावांत ती फारच थोडी होती. म्हणजे केवळ यंत्र पोहोचल्याने ज्ञान पोहोचत नाही. ऐकलेल्या गोष्टीवर बोलायला माणसे एकत्र बसली, तर ते पोहोचते. जे. सी. माथुर आणि न्यूरॅथ यांनी लिहिलेला या प्रयोगाचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. श्रोता मंडळांची योजनाही पुढे देशाच्या अन्य भागांत नेण्यात आली.

आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अफवांचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या सत्तर वर्षांपूर्वीच्या प्रयोगातून पुष्कळ शिकता येईल. तुलनेसाठी गावे कशी निवडावीत, आधी आणि नंतर मोजणी का करावी, लोकांनी सांगितलेले आणि प्रत्यक्षात बदललेले यांत फरक कसा करावा, हे संशोधनपद्धतीच्या तासाला शिकायचे असते. पदव्युत्तर शिक्षणाचा कणा तोच आहे.

अभ्यासक्रमात काय असते?

विद्यापीठागणिक तपशील बदलतो. तथापि बहुतेक ठिकाणी संज्ञापनाचे सिद्धान्त, भारतीय व मराठी पत्रकारितेचा इतिहास, बातमीदारी व संपादन, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी, डिजिटल माध्यमे, जाहिरात व जनसंपर्क, माध्यमविषयक कायदे व नीतिमूल्ये, संशोधनपद्धती आणि शेवटच्या सत्रात प्रबंधिका किंवा निर्मिती प्रकल्प, असा साचा आढळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमांची पुनर्रचना केली. त्यात संशोधनपद्धती, प्रत्यक्ष कार्यानुभव आणि संशोधन प्रकल्प यांना अनिवार्य स्थान मिळाले. पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळण्याची सोयही झाली आहे. तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एम. ए. दोन वर्षांचे, तर चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचे, अशी नवी चौकट आहे.

एखादा विभाग काळाबरोबर आहे की नाही, हे पाहण्याचा एक सोपा उपाय सांगता येईल. अभ्यासक्रमाची प्रत मिळवावी आणि त्यातील माध्यमविषयक कायद्यांचा एकच भाग काळजीपूर्वक वाचावा. या क्षेत्रात अलीकडे मोठे बदल झाले आहेत. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्याची जागा घेणारा वृत्तपत्रे व नियतकालिके नोंदणी कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आली. त्यामुळे बदनामीची तरतूद ४९९ व ५०० या कलमांतून ३५६ मध्ये गेली, आणि लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करणारे जुने २२८-अ हे कलम आता ७२ झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. यांपैकी काहीच अभ्यासक्रमात नसेल, तर तेथील इतर विषयांची अवस्था काय असेल, याची कल्पना करता येईल.

हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नाही. पीडितेचे नाव वगळले, पण तिच्या गल्लीचे, शाळेचे किंवा वडिलांच्या दुकानाचे वर्णन दिले, तरी ओळख उघड होते; आणि तो गुन्हा ठरू शकतो. पहिल्याच वर्षी नोकरीत रात्रपाळीला बसलेल्या उपसंपादकाच्या हातून अशी चूक झाली, तर त्याची किंमत कोणत्या तरी कुटुंबाला मोजावी लागते.

आकड्यांचेही तसेच. एखाद्या गोष्टीचे प्रमाण चार टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेले, तर ती वाढ दोन टक्क्यांची की पन्नास टक्क्यांची? फरक दोन टक्केबिंदूंचा आहे आणि मूळ प्रमाणाच्या तुलनेत वाढ पन्नास टक्के आहे. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी. परंतु कोणते मथळ्यात वापरले, यावर वाचकाचा समज ठरतो. अर्थसंकल्प, निवडणूक निकाल, साथीचे आकडे या सर्वांत हाच पेच येतो. कला शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याने आकडेवारीच्या तासाला दांडी मारू नये, ती याचसाठी.

पदवी की पदविका?

या क्षेत्रातील काही नामांकित संस्था वर्षानुवर्षे पदवीऐवजी पदविका देत आल्या आहेत. चेन्नईचे एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम, मुंबईची झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स ही त्याची ठळक उदाहरणे. जाहिरात आणि विपणन संज्ञापनासाठी अहमदाबादची ‘मायका’ प्रसिद्ध आहे. १७ ऑगस्ट १९६५ रोजी दिल्लीत सुरू झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचीही ओळख दीर्घकाळ पदविकेचीच होती. जानेवारी २०२४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि पदवी देण्याचा मार्ग मोकळा झाला.

या दोहोंत निवड कशी करावी? ज्याला लवकरात लवकर बातमीदारीत उतरायचे आहे आणि ज्याच्याकडे आधीच अन्य विषयातील एम. ए. आहे, त्याला एक वर्षाची दमदार पदविका अधिक सोयीची. पुढे अध्यापन किंवा पीएच. डी. करण्याचा विचार असेल, तर मात्र पदविका पुरत नाही. सहायक प्राध्यापक पदासाठी संबंधित विषयात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी लागते; राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. त्याखेरीज ‘नेट’ किंवा राज्याची ‘सेट’ परीक्षा असते. ‘नेट’मध्ये ‘जनसंज्ञापन व पत्रकारिता’ हा स्वतंत्र विषय आहे, तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची ‘सेट’ पुणे विद्यापीठ घेते. विषयाचे एक वर्ष वाचावे म्हणून पदविका घेतली आणि पाच वर्षांनी अध्यापनाकडे वळताना दारेच बंद दिसली, असे होऊ नये.

राज्यात शिक्षणाच्या सोयी

महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक विभागात आज या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण उपलब्ध आहे. पुण्यातील दोन विभागांचा उल्लेख वर आलाच आहे. मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील विद्यानगरी परिसरात संज्ञापन व पत्रकारिता विभाग आहे. तेथे पत्रकारितेखेरीज जनसंपर्क, दूरचित्रवाणी, चित्रपट अशा शाखांचा स्वतंत्र अभ्यास करण्याची परंपरा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जनसंवाद व वृत्तपत्रविद्या विभाग, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल, तर नागपूर, कोल्हापूर, जळगाव आणि सोलापूर येथील विद्यापीठांतही हे विभाग आहेत. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही पत्रकारितेचे शिक्षण मिळते.

देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील माध्यम व सांस्कृतिक अभ्यासाची एम. ए. पदवी माहितीपट निर्मिती आणि समाजशास्त्रीय दृष्टी यांच्या मेळासाठी ओळखली जाते. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात जनसंचार हा विषय हिंदीतून शिकता येतो. भारतीय जनसंचार संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र अमरावतीला असून तेथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. व्यवस्थापनाच्या अंगाने या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्यात सिंबायोसिसची संस्था आहे. ज्यांना नोकरी सोडणे शक्य नाही, त्यांनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची माहिती घ्यावी. मात्र दूरशिक्षणात प्रात्यक्षिकांची उणीव स्वतःच्या कष्टाने भरून काढावी लागते.

राज्याबाहेर जाण्याची तयारी असेल, तर दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियातील १९८२ मध्ये स्थापन झालेले ए. जे. किडवाई जनसंचार संशोधन केंद्र, हैदराबाद विद्यापीठाचा संज्ञापन विभाग आणि भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठ यांचा विचार करता येईल.

प्रवेशाची तयारी

कोणत्याही शाखेचा पदवीधर सामान्यतः या अभ्यासक्रमांसाठी अर्ज करू शकतो. अंतिम वर्षाचा निकाल बाकी असलेल्यांनाही बहुधा परवानगी असते. केंद्रीय विद्यापीठांपैकी अनेक आता राष्ट्रीय चाचणी संस्थेमार्फत होणारी ‘सीयूईटी-पीजी’ ही सामाईक परीक्षा ग्राह्य धरतात. तिचे अर्ज पदवीच्या अंतिम परीक्षेच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच भरावे लागतात. निकालानंतर जागे होणाऱ्यांची संधी येथेच हुकते. राज्यातील विद्यापीठे आपापल्या प्रवेश परीक्षा किंवा गुणवत्ता याद्यांनुसार प्रवेश देतात आणि त्यांचे वेळापत्रक दरवर्षी बदलते. म्हणून संकेतस्थळांवर मार्चपासून नजर ठेवावी.

लेखी परीक्षेत चालू घडामोडी, सामान्य ज्ञान, भाषेची जाण आणि एखाद्या विषयावर मुद्देसूद लेखन यांची परीक्षा होते. तयारीसाठी रोज एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिक वाचावे. केवळ वाचू नये. एकच बातमी दोन्हींत कशी मांडली आहे, कोणाची बाजू गाळली आहे, मथळा मजकुराशी सुसंगत आहे का, याची टिपणे काढावीत. मुलाखतीत ‘समाजसेवेची आवड आहे’ या पठडीतील उत्तराने कोणीही प्रभावित होत नाही. आपल्या तालुक्यातील पाणी, शाळा, बाजार समिती यांविषयीची एखादी नीट तपासलेली हकीकत सांगता आली, तर तिचे वजन अधिक पडते.

शुल्काच्या बाबतीत सार्वजनिक विद्यापीठे आणि खासगी संस्था यांत मोठी तफावत आहे. पात्र विद्यार्थ्यांना राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांसाठी ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर अर्ज करता येतो. खासगी संस्थेचे भरमसाट शुल्क कर्ज काढून भरण्यापूर्वी एक साधा हिशोब करावा : या क्षेत्रातील नवख्याचा सुरुवातीचा पगार मराठी माध्यमांत माफकच असतो, आणि कर्जाचा हप्ता मात्र दरमहा ठरलेला असतो.

भाषेचा प्रश्न

ग्रामीण भागातून मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याची खरी धास्ती इंग्रजीची असते. राज्यातील अनेक विद्यापीठांत उत्तरे व प्रबंधिका मराठीतून लिहिण्याची मुभा आहे. प्रवेशापूर्वी त्याची लेखी खात्री करून घ्यावी. तथापि संज्ञापनाचे बहुतेक संदर्भग्रंथ इंग्रजीत आहेत, हे वास्तव नाकारून चालणार नाही. वाचन इंग्रजीत आणि लेखन मराठीत, अशी दुहेरी सवय लावणे हाच त्यावरचा मार्ग. यात तोटा नाही. इंग्रजी अहवाल समजून घेऊन तो चार ओळींत सोप्या मराठीत मांडता येणे, ही तर मराठी वृत्तपत्रातील रोजची गरज आहे.

उलट अडचण शहरी विद्यार्थ्यांची असते. मराठी घरात वाढूनही इंग्रजी माध्यमातून शिकल्याने त्यांना शुद्ध मराठी वाक्य लिहिताना अडखळायला होते. अशांनी पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षे मराठी लेखन घडवण्यासाठी वापरली, तर दोन्ही भाषांत काम करण्याची क्षमता त्यांच्या हाती येते आणि अशा माणसांची माध्यमांना नेहमीच वाण असते.

परदेशातील पर्याय

ब्रिटनमधील पत्रकारितेच्या बहुतेक एम. ए. पदव्या एक वर्षाच्या आहेत. कार्डिफ विद्यापीठात १९७० पासून, तर लंडनच्या सिटी विद्यापीठात १९७६ पासून हे शिक्षण दिले जाते. अमेरिकेत कोलंबिया आणि मिसुरी यांचा लौकिक जुना आहे. युरोपातील विद्यापीठांनी संयुक्तपणे चालवलेली ‘इरास्मस मुंडस’ पत्रकारिता पदवी दोन वर्षांची असून निवडक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. ब्रिटिश शासनाची ‘चीव्हनिंग’ शिष्यवृत्ती कामाचा अनुभव असलेल्यांसाठी आहे, तर महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. स्थानिक कायदे, स्थानिक राजकारण आणि तेथील वृत्तसंस्थांचा सराव यांवर या अभ्यासक्रमांचा भर असतो. त्यामुळे परत येऊन मराठी वा भारतीय माध्यमांत काम करायचे असल्यास दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन मगच जावे. तेथे काय शिकायचे, हे तेव्हा अधिक स्पष्ट झालेले असते.

पुढच्या वाटा

पदवीनंतर वृत्तपत्र, वृत्तवाहिनी आणि संकेतस्थळ हे मार्ग समोर दिसतातच. त्याखेरीज शासकीय माहिती व जनसंपर्क कार्यालये, सार्वजनिक उपक्रम, रुग्णालये, स्वयंसेवी संस्था, जाहिरात संस्था, कंपन्यांचे संज्ञापन विभाग, माहितीची पडताळणी करणारे गट, सामुदायिक रेडिओ आणि अनुवाद ही क्षेत्रेही आहेत. २०२० च्या टाळेबंदीत अनेक वृत्तपत्रांनी पाने कमी केली, काही आवृत्त्या बंद झाल्या आणि कित्येक अनुभवी पत्रकारांना घरी बसावे लागले. त्या काळात ज्यांच्याकडे बातमी लिहिण्यापलीकडचे एखादे कौशल्य होते, त्यांना दुसरी वाट शोधणे तुलनेने सोपे गेले. यंत्राकडून मजकूर लिहून घेणे सहज शक्य झालेल्या आजच्या काळात ही गोष्ट अधिकच खरी आहे. प्रसिद्धिपत्रकावरून चार परिच्छेद यंत्रही रचते. तलाठी कार्यालयात जाऊन सातबारा पाहणे, माहिती अधिकाराचा अर्ज करणे, घाबरलेल्या साक्षीदाराचा विश्वास मिळवणे, ही कामे माणसालाच करावी लागतात.

संशोधनाकडे वळणाऱ्यांना ‘नेट’मधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. ‘बार्टी’, ‘सारथी’ आणि ‘महाज्योती’ या राज्यातील संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांसाठी आहेत. मराठी माध्यमांवर करण्याजोगे संशोधन अक्षरशः पडून आहे. जिल्हा आवृत्त्यांनी गावांच्या बातम्यांचे काय केले, साखर पट्ट्यातील वृत्तपत्रे आणि सहकारी राजकारण यांचे नाते कसे बदलले, महिला बातमीदारांचा तालुका पातळीवरील अनुभव काय आहे, असे कितीतरी विषय विद्यार्थ्याची वाट पाहत आहेत.

अर्ज भरण्यापूर्वी

शेवटी, विभाग निवडताना पुढील प्रश्न जरूर विचारावेत. पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे किती? ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांचे अंक पाहायला मिळतात का? कॅमेरे, ध्वनिमुद्रणाची साधने आणि संगणक विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष येतात, की पाहुण्यांना दाखवण्यापुरते असतात? विभागाचे स्वतःचे प्रायोगिक वृत्तपत्र किंवा संकेतस्थळ नियमित निघते का? मागील दोन-तीन वर्षांच्या प्रबंधिका वाचायला मिळतील का? इंटर्नशिपची व्यवस्था विभाग करतो, की ती विद्यार्थ्याने स्वतः शोधायची? आणि गेल्या तुकडीतील विद्यार्थी आज कोठे आहेत?

माहितीपत्रकातील गुळगुळीत छायाचित्रांतून यांची उत्तरे मिळत नाहीत. त्यासाठी एक दिवस काढून विभागात जावे, शिकत असलेल्या विद्यार्थ्यांशी प्राध्यापकांच्या गैरहजेरीत बोलावे, एखादी प्रबंधिका चाळावी, मिळालेली उत्तरे दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळून घ्यावीत. ज्याला हे करावेसे वाटते, त्याच्या अंगी या व्यवसायाचा पहिला गुण आहे. ज्याला ते कंटाळवाणे वाटते, त्याने कोणत्याही संस्थेचे शुल्क भरण्याआधी आणखी एकदा विचार केलेला बरा.